रागोबा

ग्न्येवोमिर.
म्हणताना जीभ आधी टाळूला अडते,
मग ओठ मिटतात,
आणि शेवटचा 'र' जरासा थरथरून थांबतो,
दार आपटून निघालेला माणूस
फाटकापाशी थबकावा तसा.

ग्न्येव म्हणजे राग. मिर म्हणजे शांती.
मधे एक 'ओ', कच्चा टाका घातल्यासारखा.
ज्यांनी हे नाव पहिल्यांदा ठेवलं
त्यांच्यापाशी संतांची यादी नव्हती.
होते ते दोन शब्द
त्यांनी बाळाच्या दोन मुठींत दिले
आणि समास कसा सोडवायचा
हे कुणालाच सांगून ठेवलं नाही.
राग आणि शांती?
राग शमवणारा?
की रागातून जाऊन शांतीला लागलेला?
समास सोडवण्याला आपण विग्रह म्हणतो,
आणि विग्रह म्हणजे भांडणही.

नारेव नदीकाठच्या गावात
नोंदणी कचेरीतल्या गेनोवेफाबाईंनी
लेखणी कागदावर टेकवून ठेवली.
"नक्की हेच? फार जुनं आहे. पोरं चिडवतील."
"चिडवू देत," सालोमेया म्हणाली,
"चिडायची सोय नावातच आहे."

तिचा बाप हिएरोनिम भट्ट्या बांधायचा,
घर उबवणाऱ्या, छतापर्यंत चढलेल्या,
हिरव्या चकचकीत फरशांच्या.
हात असा की फट शोधून सापडू नये.
तोंड असं की गिऱ्हाईक पैसे खिडकीतून द्यायचं.

आईला मूठमाती द्यायला ती ग्दिन्याहून निघाली,
गाडी बर्फात अडकली, पोचली ती दुसऱ्या दिवशी.
बापाने दार उघडलं नाही.
रात्री ती शेजाऱ्यांच्या गोठ्यात झोपली,
गायीच्या पाठीला पाठ लावून.
पुढे ती गावात परतली, नदीपलीकडे घर घेतलं,
तरी त्या दाराला नऊ वर्षं झाली.

नातवाचं नाव त्याला पाववाल्याकडून कळलं.
घरी न जाता तो थेट शाळेत गेला, मास्तरांना विचारायला.
मास्तर तरुण, पुस्तकं वाचणारे; म्हणाले,
"मिर म्हणजे शांतीच, असं सगळे म्हणतात.
पण काही जाणकारांच्या मते त्या शेपटाचं मूळ वेगळं,
त्याचा अर्थ थोर, नावाजलेला."
हिएरोनिमने टोपी हातात दोनदा फिरवली.
"म्हणजे रागासाठी नावाजलेला?"
"तसंही होईल."
"मग ते माझं नाव आहे," तो म्हणाला,
आणि टोपी न घालताच बाहेर पडला.

सकाळी तो तिच्या दारात, हातात थापी,
बादलीत गोठायला आलेली माती.
"तुझी भट्टी धूर मागे फेकते.
पुलावरून दिसतं."
एवढंच. माफी नाही, बाळाकडे नजर नाही.
तिनेही बाजूला होण्यापलीकडे काही केलं नाही.

तीन दिवस तो फरशा उतरवत होता,
मागच्या बाजूला खडूने आकडे घालत,
आतली काळी वाट बोटांनी चाचपत.
"इथे," तो भिंतीला म्हणाला, "इथे अडलंय."
काजळीचा गोळा निघाला, चिमणीचं घरटं निघालं,
त्यात एक काचेचं बटण.

तिसऱ्या संध्याकाळी पोर रडायला लागलं,
लालभडक, मुठी आवळून, थांबेचना.
सालोमेया स्वयंपाकघरातून ओरडली,
"आले रे, ग्न्येव्को, आले!"
लाडात नाव अर्धं होतं तिकडे;
शांती गळून जाते,
उरतो नुसता एवढासा राग. रागोबा.

ती हात पुसत आली तेव्हा
म्हाताऱ्याच्या मातकट हातावर पोर उताणं,
हुंदके देत, पण ऐकत.
तो त्याला उरलेल्या अर्ध्याने हाक मारत होता,
हलकेच, जुनी फरशी वाजवून पाहावी तशी:
मिरेक. मिरेक.

ती काही बोलली नाही.
तिने एक ओंडका आत सारला,
भट्टीचं दार लावलं,
आणि दोघं वाट बघत राहिली
धूर कुठे जातो त्याची.